जागल्या

लीड्समध्ये ऊन पडलं की
सगळं शहर बाह्या कापून हिरवळीवर लोळतं.
मी पडदे ओढते.
ऊन कातडीला लागलं की आत कुणीतरी ओरडतं,
आले! आले!
आणि आलेलं कुणीच नसतं.

त्या ओरडण्याला इंटरफेरॉन म्हणतात.
विषाणू शिरला की पेशी मरता मरता शेजारणीला हाक देते,
ती कड्या लावून घेते, पुढच्या आळीला कळवते.
काम एवढंच. जागल्याचं.
माझा जागल्या नऊ वर्षं झोपलेला नाही.
काठ्या घेऊन निघालेलं गाव,
चोर सापडेना म्हणून
माझ्या बोटांचे सांधे फोडतं,
मूत्रपिंडात शिरतं,
जाता जाता गालांवर लाल फुलपाखरू काढतं.

"कुंपणच शेत खातं," मी डॉक्टर ओडुयाला सांगितलं.
तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली,
कुंपणाला खबरच खोटी मिळते.

म्हणून दर चौथ्या मंगळवारी ही खुर्ची.
मॉरीन शीर शोधते, "हेमँगी, लव्ह," म्हणते,
जन्मतारीख पुन्हा विचारते.
अर्धा तास थेंब थेंब.
हे औषध जागल्याचं तोंड बांधत नाही,
ऐकणाऱ्यांच्या कानांत बोळे घालतं.

तिसऱ्या खेपेनंतर लोणच्याची बरणी उघडली.
एकटीनं.
झाकण पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.

नोव्हेंबरात डाव्या बरगडीखाली
फोडांचा पट्टा, निखाऱ्यासारखा.
"शिंगल्स," मॉरीन म्हणाली, "सांगितलं होतं ना, होऊ शकतं."
आमच्यात नागीण म्हणतात.
सातव्या वर्षीच्या कांजिण्या
मणक्यापाशी वेटोळं घालून बसल्या होत्या,
छत्तीस वर्षं.
या खेपेला तो खरंच ओरडला असणार,
घसा फुटेस्तोवर,
आणि सगळं गाव शांत झोपलेलं,
मी त्याला झोपवलेलं.

चिपळूणहून सासूबाईंचा फोन:
तोंड नि शेपूट जुळलं नाही ना गं?
जुळलं की माणूस जातो म्हणतात.
हसू आलं. तरी रात्री आरशासमोर
शिवणाच्या टेपनं मोजलंच.
पाठीकडून पोटाकडे, पोटाकडून पाठीकडे.
"एकोणीस इंच मोकळे आहेत," सकाळी कळवलं.

दोन मंगळवार खुर्ची रिकामी राहिली.
जानेवारीत पुन्हा फॉर्म पुढे आला,
धोक्यांची यादी, खाली एक रेघ.
माझं पूर्ण नाव लांबलचक, माहेरचं धरून.
सबंध लिहिलं,
आणि बोटं दुखली नाहीत.