पुढच्या अंकात

व्योमधर आमच्या प्रेसचा, काळा मासा समोरच्या.
मध्ये खेतवाडीची एक गल्ली
आणि दोन मालकांचा सव्वीस वर्षांचा अबोला.

व्योमधर एका पानात आकाशगंगा ओलांडायचा,
तहान लागली की धूमकेतूचं शेपूट पिळून प्यायचा.
काळा मासा राहायचा भाऊच्या धक्क्याखाली.
त्याला पोहता यायचं आणि रागावता यायचं, बस.
खपायचा मात्र तोच.

मग घरोघर टीव्ही आला.
दोन्हीकडे न खपलेले गठ्ठे पोटमाळ्याला टेकले,
तेव्हा मालक भेटले फोर्टातल्या एका वकिलाच्या जिन्यात.
जिन्यातच, कारण आत आधी कुणी जायचं ते ठरेना.
करार झाला उभ्या उभ्या:
एक अंक, दोन्ही वीर, चौसष्ट पानं.
ठोसे सारखे. चौकटी सारख्या.
मुखपृष्ठावर कुणी कुणाहून उंच नाही
(म्हणून तिथे व्योमधर गुडघ्यात वाकलेला आहे,
लोकांना वाटलं, काय ही विनम्रता).
आणि फुग्यांतले शब्दसुद्धा मोजून सारखे.

फुगे बाबा लिहायचे. एका फुग्याला पंधरा पैसे.
शेजारी मी, चिंचोके घेऊन,
या वाटीत व्योमधराचे शब्द, त्या वाटीत माशाचे.
चाळिसाव्या पानावर मासा अकरानं मागे होता.
बाबांनी टाक बुडवला, जरा विचार केला.
म्हणून शनीची कडी तुटून पृथ्वीवर कोसळत असताना
काळा मासा म्हणतो,
"अरे अरे अरे! बरं बरं, येतो की हो मी पण!"
अकरा. मोजून बघा.
पोरांना तेच वाक्य सगळ्यात आवडलं.
गिरगावात वर्षभर कुणी हाक मारली
की उत्तर तेच.

हात सैल सुटला मग बाबांचा.
मासा बोलत सुटला, भावाची चौकशी केली, बोंबलाची केली,
आणि शेवटच्या पानावर आलो तर
त्याचा एक शब्द शिल्लक नाही.

शेवटचं पान असं:
सूर्य मधोमध फुटलेला.
त्याची जड अर्धी बाजू खांद्यावर घेऊन
व्योमधर माझगाव गोदीवर उभा, एक पाय क्रेनवर.
काळा मासा दोर आणायला पळतोय
आणि त्याच्या तोंडापाशी फुगा, कोरा.
खाली, पुढच्या अंकात.

पुढचा अंक निघाला नाही.
सूर्य जोडायचा कुणी, यावर पुन्हा जिन्यात बसले
आणि तिथूनच परत गेले.

पत्रं येत राहिली. भांडुपचा निवृत्ती सोनकांबळे, सहावी ब:
"त्याचे हात किती दिवस टिकतील?
रीत दाखवून उत्तर द्यावे."
बाबांनी कार्ड लिहिलं, फुग्यातल्याच ठसठशीत अक्षरात:
"हात चित्रकाराचे आहेत.
चित्रकार सध्या मखरं रंगवतो. तोवर टिकतील."

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
भाचा मला समजावतो, मावशी, विश्वं पुष्कळ असतात,
एखाद्यात तो अंक आला असणार.
असेल बाबा. तिथेही वकील असणार.

रद्दीवाल्यांकडून मी सात प्रती जमवल्यात.
एकीतही फुगा कोरा नाही.
पेन्सिलीनं: थांब. आलोच.
शाईनं, खोडून पुन्हा: आमच्याकडे दोर आहे, वाळत घालायचा, चालेल?
एकानं फक्त "आई" लिहून पुढे शाई सांडलीय.
एकीत शिवी आहे, तीही शुद्ध लिहिलेली.
एकीत कुणी लहानग्यानं मासाच काढलाय, फुग्यात, हसरा.

सातवीत फोन नंबर. सहा आकडी,
तेव्हाचा.
काल पुढे एक आकडा लावून पाहिला,
मग दोन.

वाजतोय.