पिनेचं माप

शहाडच्या पुलापलीकडे इद्रिस फक्कीच्या दुकानात
भिंतीवर हिच टांगलेल्या असतात,
केशरी रंगाच्या,
बैल विकून टाकलेल्या जोखडांसारख्या.

मी म्हटलं, अशी दाखव
की सीटवरून उतरावंच लागू नये.
ट्रॅक्टर मागं घेतला, लिव्हर ओढली,
खट्. औजार अडकलं, निघालो.
तो म्हणाला, मागं धरायला माणूस नाही कोणी?
नाही, म्हटलं.

त्यानं दोन खाली उतरवल्या.
ही त्रिकोणाची. हिचा जोडीदार त्रिकोण औजारावर बसवायचा,
मग एकात एक असं जातं की...
शेजारी एक बाई ऑइल सील शोधत होत्या,
तो वाक्य गिळून पुढच्या हिचकडे वळला.
ही हुकांची. खालचे दोन आपोआप लागतात,
टॉपलिंक तेवढा हातानं.
ट्रॅक्टर केवढा तुझा? चोवीसचा?
मग त्रिकोण नको, जड आहे,
चढाला पुढची चाकं उचलेल.
आणि ऐक, कोणतीही लाव,
औजार चार बोटं मागं सरकतं.
शाफ्ट पुरतोय का बघ.
पिन बावीसची की अठ्ठावीसची?

असेल बावीसची, अंदाजे.

अंदाजानं सोयरीक जुळते, तो म्हणाला,
हिच बसत नाही. मोजून ये.
आणि त्यानं गल्ल्यामागचा व्हर्नियर दिला,
परत आणायच्या बोलीवर.

आता त्याला काय सांगू,
औजार माझ्याकडे नाही.
वाटणीत ट्रॅक्टर मला आला,
रोटाव्हेटर, नांगर, बेडमेकर बाळारामला.
पंचांनी किमती मांडल्या, बरोबर निघाल्या,
चहा झाला.
दोन वर्षं माझा ट्रॅक्टर विटा ओढतो
नि त्याच्या औजारांवर चिंचेचा पाला पडतो.
गेल्या आठवड्यात वहिनीचा निरोप आला,
भेंडीचं रान करायचंय, तासाला काय घेशील?
गावाचा भाव सांगितला. एक रुपयाही सोडला नाही.
तेव्हाच ठरवलं, हिच घ्यायची,
म्हणजे जोडताना बाळारामशी बोलायला नको.

तर व्हर्नियर खिशात घालून
मुरबाडकडून अंधारात सरळ त्याच्या खळ्यावर.
कुत्रं भुंकलं नाही. त्याला वाटणी कळलेली नाही.

बाळाराम बॅटरी घेऊन आला,
मी वाकलो त्या जागेवर उजेड धरून उभा राहिला.
डावी पिन बावीस.
उजवी एकोणीस नि काही.
ती पिन नव्हतीच, ट्रॉलीचा बोल्ट ठोकलेला.
कधीचा हा?
मोडली तेव्हाचा, तो म्हणाला.
पुढं काही नाही. मीही विचारलं नाही.

बॅटरी धरलेल्या हाताचं पहिलं बोट
पेरापाशीच संपतं.
ते सरळगावच्या वरच्या खाचरात संपलं.
तो मागं लिंक धरून होता,
मी लिव्हर सोडली, त्याचं ‘थांब’ ऐकायच्या आधी.
डॉक्टरला त्यानं सांगितलं, माझाच हात घसरला.

हिच लावणार?
हं.
चार बोटं मागं जाईल. शाफ्ट पुरायचा नाही.

मी एकदम मान वर केली. इद्रिसकडे हा कधी गेला असेल?

हुकांचीच घेतली. नवी उजवी पिन घेतली,
शाफ्ट लांबवून आणला, वर सातशे गेले.
सोमवारी पहाटे खळ्यात ट्रॅक्टर मागं घेतला.
माणसाची गरज नव्हती.
बाळाराम चिंचेपाशी उभा होता, लांब,
दोन्ही हात बंडीच्या खिशात,
आणि अख्खा वेळ बोलत होता,
डावीकडं. अजून डावीकडं. अरे, डावीकडं म्हणतोय.