ठिगळ

मेसा, ॲरिझोना. सकाळचे सात,
आणि नळाचं पाणी एवढ्यातच गरम.
वर्नाबाईंच्या परसात गवताची हातभर पट्टी वितळलीय,
पाती वाकून एकमेकांना चिकटलेली.
शेजाऱ्याने मे महिन्यात नव्या काचा बसवल्या;
ऊन त्यांच्यावर आपटून इथे पडतं
रोज दुपारी तीन ते चार.
चूक कुणाचीच नाही, असं दोघंही रागाने सांगतात.

युसेबियो गुडघ्यांना पट्टे बांधतो,
मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवतो,
लव कुठे झुकते ते बघतो.
"उलटं लावलंस तर आंधळ्यालाही दिसेल," मला म्हणतो.

गॅरेजात उरलेली गुंडाळी, अकरा वर्षं अंधारात.
उलगडली तर इतकी हिरवी
की वर्नाबाई गप्पच.
"हे असं होतं?"
हॅल्वरने स्वतः अंथरलं होतं, गुडघे सोलून घेत,
आणि संध्याकाळी अनवाणी उभा राहून म्हणाला होता,
सुटलो, आता जन्मात कापायला नको.

युसेबियो मान हलवतो. हे नाही चालणार.
खोपटामागे, जिथे कुणी जात नाही पण ऊन जातं,
तिथली पट्टी तो कापून आणतो,
तेवढीच विटलेली.
खाली टेप, डिंक, वर वाळू,
मग ब्रश, लवेच्या उलट.
सांधा शोधून सापडत नाही.

नवा तुकडा खोपटामागच्या भोकात बसतो.

"तीनच्या आत त्या काचेला जाळी लावायला सांगा हं,"
युसेबियो हाक मारतो.
बाई तिकडे मागे गेल्यात,
चपला इथेच.