हलकी क्रूझर

सात हजार टनांची, आणि कागदोपत्री वर्ग 'हलकी'.
बाबा यावर दर वेळी हसायचे,
गोळीबार चौकातल्या आमच्या दोन खोल्यांत
ते हसू मावायचं नाही.
"तोलली असन इंग्रजानं कापसाच्या काट्यावर."

तिची कुंडली त्यांना तोंडपाठ होती.
उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड नदीवर जन्म.
कुणा मडमेनं कपाळी बाटली फोडली.
पहिलं नाव ग्रीक, एका देवीचं,
जे बाबांच्या तोंडी दर वेळी निराळं यायचं.
दोन वर्षं दक्षिणेकडे, व्यापारी जहाजांची राखण.
मग लढाई. अंगात तीन गोळे, त्यातला एक न फुटलेला.
बावीस माणसं कॅनव्हासमध्ये शिवून समुद्रात,
शेवटचा टाका नाकातून,
आणि हे सांगताना कोष्ट्याच्या या पोराची बोटं
आपोआप सुई धरल्यासारखी जुळायची.
मग डागडुजी, रंग, तह.
मग आपल्याला विकली.
नव्या नावाची पितळी अक्षरं जुन्यांच्याच जागी ठोकली,
जुनी भोकं बुजवली, पण उन्हात दिसायची म्हणे.

बकाराम पौनीकर, स्टोकर, दुसरा वर्ग.
घरातून गेले तेव्हा मागावर लुगड्याचा ताणा अर्धा होता.
आजोबांनी तो पुरा केला
आणि वर्षभर पत्राला उत्तर दिलं नाही.

मी विचारायची, समुद्र कसा असतो?
गप्प बसायचे. एकदाच म्हणाले,
"पाह्यला कोनं, पोरी?
मी खाली राहो. बॉयलर, तेलाचे फवारे, घड्याळाचे काटे.
वरतं ऊन हाय का रात, थे बी घंटीवरून समजे.
पानी समजे पत्र्यातून.
हात लावला का थरथरे. अन् थंड.
एवढंच होतं आमच्या मधात. बोटभर पत्रा."

एकसष्टच्या डिसेंबरात तोफा डागल्या
तेव्हा वरची माणसं युद्धात होती.
खाली बाबांच्या चहाच्या मगात वर्तुळं उठली.
सहा वेळा. त्यांनी मोजली.

ती मोडीत निघाल्याचं पेपरात आलं, दोन ओळी,
सूतबाजाराच्या भावाखाली.
बाबा तेव्हा पॉवरलूमवर रात्रपाळी करायचे.
झोपले नाहीत. सायकल काढून लकडगंजात गेले,
वखारीत उभ्या केलेल्या पत्र्यांना
हात लावत फिरले, संध्याकाळ झाली.
मालकानं विचारलं, काका, कोणता गेज पाहिजे?
"काई नाई. पाहून राह्यलो."

सेवापुस्तकात चार रकाने.
जहाज. पासून. पर्यंत. चालचलन.
अकरा वर्षांत दहा वेळा 'अति उत्तम',
एकदा नुसतं 'उत्तम'.
त्या वर्षाचं कारण त्यांनी सांगितलं नाही, आईनंही नाही.
सिव्हिल लाइन्सच्या कचेरीतला बाबू म्हणाला,
जहाजाचं नाव एकच लिहा, बाई, जागा कमी आहे.

मी दोन्ही लिहिली. दुसरं रकान्याबाहेर गेलं.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकायचा,
सगळा मोहल्ला कूलरपुढे आडवा,
आणि बाबा बनियन काढून भिंतीला पाठ लावून बसलेले.
"याले गरम म्हन्ते का?"
घरात कूलर येऊ दिला नाही त्यांनी कधी.
म्हणायचे, आवाज सहन होत नाही.
मी समजायची, पंख्याचा.

ते गेल्यावरच्या उन्हाळ्यात आणला.
रात्री लाइट गेली, पंखा थांबला,
पंप थांबला, तरी वाळ्याच्या जाळीतून
थेंब थेंब आत पडत राहिले.
अंधारात मी हात पुढे केला.
पत्रा थंड होता.
पलीकडे पाणी.