आवाज जरा कमी

होटगी रोडच्या हॉटेलात सकाळी नऊला बोलावलेलं.
हॉल लग्नाचा. कालच्या साखरपुड्याची थर्माकोलची अक्षरं
स्टेजवर अर्धी उपटलेली, अर्धी तशीच,
खुर्च्यांना अजून गुलाबी सॅटिनच्या गाठी.
त्या खुर्च्यांवर आम्ही एकशे चाळीस जण,
मांडीवर पारदर्शक फाइल, आणि पंखा आमच्याकडे पाठ करून.

फॉर्म भरायला एकच निळा पेन फिरत होता,
अक्कलकोटच्या इरण्णाचा.
परत आला तेव्हा टोपण नव्हतं.
'असू दे की,' म्हणाला,
आणि पुन्हा रुमालानं बूट पुसले.
भावाचे होते. टाचेकडून पेपर डोकावत होता.

स्वतःबद्दल सांगा.
ह्याची तयारी मी कारखान्यात केली होती,
नाना चालवतात त्या चार मागांमधल्या बोळात.
घरी जागा नाही. अम्मा, दोन मावश्या, तेंदूची पानं,
आणि संध्याकाळी कारखान्यात मोजून द्यायच्या हजार विड्या.
तिथं धोट्याच्या वर आवाज काढावा लागतो.
गुड मॉर्निंग सर, माय नेम इज सुजाता यन्नम,
आठ दिवस मी हे ओरडून पाठ केलं.
नानांना कमी ऐकू येतं, ते ओठांकडं बघून
दर वाक्याला मान हलवायचे.
इंग्रजी त्यांना येत नाही.
मान अगदी बरोबर जागी हलायची.

आत तीन टेबलं. माझ्या टेबलावर एक मॅडम,
गळ्यात पट्टा, पट्ट्याला कंपनी,
शेजारी एक सर, लॅपटॉपच्या झाकणामागं.
मी गुड मॉर्निंग म्हणाले आणि
दोघंही खुर्चीसकट जरा मागं सरकले.
'आम्ही इथंच आहोत,' मॅडम हसून म्हणाल्या.
'आवाज जरा कमी.'

कमी केला. तर वाक्यच सापडेना.
कमी आवाजात मी आजवर
कुणाला काही सांगितलंच नव्हतं बहुतेक.

बी.कॉम.नंतर वर्षभर काय केलं?
घरगुती कारण, म्हणाले. क्लासमध्ये तसंच शिकवतात.
अम्माच्या मोतीबिंदूचं वर्ष.
तिच्या कार्डावर मी वळलेल्या विड्या,
तपासनीस दोन बोटांत दाबून बघायचा,
छाट बाजूला टाकायचा. का, ते सांगायचा नाही.
तेव्हा अम्मा त्याच्याशी जसं गोड बोलायची
तसं मला आज जमेना.

मग सर झाकणावरून वर बघत म्हणाले,
'समजा, मी ग्राहक. मोबाइलचे तीन हप्ते थकलेत.
करा फोन.'

आणि मला येत होतं.
सगळं येत होतं.
नमस्कार, मी अमुक फायनान्समधून बोलतेय,
आपला हप्ता एकोणीस तारखेपासून बाकी आहे,
आपल्या सोयीसाठीच सांगतेय,
पुढं रेकॉर्डला अडचण येऊ नये.
किती हळू. किती सावकाश.
'सर' कुठं म्हणायचं, आणि कुठं नुसतं गप्प राहायचं
समोरच्याला घाम फुटेपर्यंत.
हा आवाज महिन्यातून चारदा आमच्या घरी येतो.
नानांना ऐकू येत नाही म्हणून मीच घेते,
मीच सांगते, ते घरी नाहीत.
ते समोर बसलेले असतात,
माझ्या ओठांकडं बघत.

मॅडमनी पहिल्यांदा कागदावर काही लिहिलं.
'अनुभव आहे का आधीचा?'
हो, म्हणाले.

पगार साडेबारा. पुण्याला. राहायचं ज्याचं त्यानं.
चार दिवसांत कळवतो.

बाहेर ऊन तापलेलं, रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं.
इरण्णा रिक्षाच्या सावलीत अनवाणी उभा,
बूट हातात. विचारलं, 'काय विचारले?'
'फोन करायला लावले,' म्हणाले.
'कुणाला?'
मला लगेच सांगता येईना.

आज सहावा दिवस.
घरात नियम होता, अनोळखी नंबर उचलायचा नाही.
आता अम्मा फोन सुपातच ठेवते, तंबाखूच्या शेजारी,
वाजला की पानाचे हात पदराला पुसून
माझ्याकडं धावत आणून देते.
उचल, म्हणते, उचल,
त्यांचाच असेल.