वेलांटीचं बिऱ्हाड

मे महिना. नंदनवनातली तिसऱ्या मजल्यावरची खोली,
कूलरला नवी ताटी, वाळ्याचा वास
आणि त्या वासाखाली तापलेल्या लॅपटॉपचा.
प्रणय गेडाम म्हणाला, आज रात्रीच हलवून टाकू,
सकाळी कोणी उठायच्या आत.

'वेलांटी', आमचं शुद्धलेखन तपासणारं काम,
फुकट; कोणीही घ्या, उघडा, दुरुस्त करा,
चौदा वर्षं एकाच घरात राहिलं.
त्या घराची डागडुजी करणारे कधीच निघून गेले होते.
कडी नीट लागत नव्हती,
दर महिन्याला कोणीतरी आत शिरून
मनगटी घड्याळांच्या जाहिराती चिकटवून जायचं.

पानं एक हजार एकशे बारा.
पहिल्या खेपेत नऊशे पायमोडकी पोचली.
जुन्या फॉन्टात टाइप केलेली ती,
दिसायला मराठी, आतून भलतंच काही.
रफार उडून शेजाऱ्याच्या डोक्यावर बसला,
आणि वेलांटी, आमचीच वेलांटी,
पहिली होती ती दुसरी झाली, दुसरी होती ती गायब.
देवयानी परातेनं मुखपृष्ठ मोठ्यानं वाचलं,
हसता हसता तिचा चहा सांडला.
त्यानंतर दोन तास कोणी हसलं नाही.

नवी प्रणाली शिस्तीची. विचारते:
लेखक? भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
ईमेल? भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
चारशे पानांचा लेखक म. हेडाऊ.
ईमेल नाही.
इतवारीतल्या छापखान्यात खिळे जुळवायचे,
छापखाना बंद पडल्यावर आमच्यात आले,
शाळेच्या वहीत शब्द लिहून आणायचे,
उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचे.
"घाई केली का खिळा उलटा बसते, पोट्टेहो."
तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.
'प्रशासक' टाकून देऊ, प्रणय म्हणाला.
मी काहीच म्हणाले नाही.

दीड वाजता त्या ओळी दिसल्या,
पानांच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या:

आज नळ नाही आला. उरलेलं उद्या.
हा शब्द धापेवाड्याच्या बाईकडून ऐकला. नाव विचारायचं राहिलं.
भेदर म्हणजे टमाटर.
डोळे दुखतात. ह पर्यंत जायचं आहे.

आणि सगळ्यात शेवटी, स मध्ये:

सांबार म्हणजे कोथिंबीर. चूक म्हणून कोणी काढेल.
काढू देऊ नका.

असल्या ओळी नवी प्रणाली येतानाच गाळते.
तशी सोय आहे तिच्यात. सोयीचं नाव स्वच्छता.

"काऊन थांबली व?" प्रणयनं विचारलं
आणि लाइन गेली.
कूलर गप्प. खाली रस्त्यावर एक कुत्रं,
वर आम्ही तिघं, बॅटरी एकेचाळीस टक्के.
मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. त्यानं वाचलं,
पुन्हा वाचलं, चष्मा काढून बनियनला पुसला.
मग म्हणाला, सरक.

दहा ओळींचं काम होतं, तेरा झाल्या.
'टीप' नावाचा एक लहान रकाना आहे नव्या घरात,
दोनशे पंचावन्न अक्षरांचा.
हेडाऊंची एकही टीप त्याबाहेर गेली नाही.
जागेचा अंदाज होता माणसाला.
ईमेलच्या ठिकाणी आम्ही आमचाच सामाईक पत्ता दिला.
म म्हणजे मोतीराम, हे देवयानीला ठाऊक होतं.
मला इतक्या वर्षांत नव्हतं.

जुन्या दारांवर नव्या पत्त्याच्या पाट्या ठोकल्या.
सात दारं कुठे उघडायची ते कळलंच नाही,
तशीच सोडली.
ह रिकामाच आहे अजून.

सकाळी सव्वासहा. कोणाला काही कळलं नव्हतं,
म्हणजे नीट झालं असावं.
फक्त गोंदियाच्या एका मास्तरांचा निरोप आला:
क्ष अजून लंगडतो.

चौकातल्या टपरीवर तर्री पोहे,
प्लेटा हातात, डोळ्यांत रेती.
"वरून सांबार टाकू का, ताई?"
देवयानी माझ्याकडे पाहायला लागली.
टाका ना, म्हटलं.
अजून टाका.