दीड इंच

उजव्या कमरेला दीड इंच सैल.
लबकमध्ये हे माप आता कुणी समजावून सांगत नाही.
गिऱ्हाईक पँट टेबलावर ठेवतं,
माझ्याकडे न बघता मशीनकडे बघतं,
म्हणतं, ओपल, नेहमीसारखं.

मी विचारत नाही.
ओठांत टाचण्या धरल्या की
गप्प बसायला निमित्त मिळतं.

कॉय लेडबेटर डावखुरा, त्याचं डावीकडे.
औषधांच्या दुकानात दोनदा कुणीतरी
त्याच्या काउंटरवर मूठ आपटून गेलंय.
पास्टर रेनफ्रोच्या कोटाला मी आतून कॅनव्हास लावला,
नाहीतर एक बाजू लोंबते.
वजन पाहायला त्यानं गोळ्या काढून
ती माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली.
सत्तावीस औंस.
वर थोडं मैद्याचं पीठ लागलं.
आम्ही दोघंही हसलो,
त्यानं रुमालानं पुसली.

रविवारी प्रार्थना संपली की सगळे मिठी मारतात.
माझ्या तळव्याला कळतं, कोणाकोणाकडे.
म्हणून हात मी वरच ठेवते, खांद्यांपाशी.
गावभरच्या झाकल्या मुठी
माझ्या दोऱ्यानं झाकल्यात.

मारिसेला ओंतिवेरोस रात्रपाळीची नर्स.
दवाखान्याच्या दारावर पाटी आहे, आत आणायचं नाही.
म्हणून ते गाडीत कुलपात राहतं
आणि पहाटे ती दारापासून गाडीपर्यंत
रिकाम्या कमरेनं चालते,
बोटांच्या बेचक्यात किल्ली धरून.
मी म्हटलं, अगं, भीती तर त्या तीनशे पावलांचीच ना?
म्हणाली, हो.
मग रुंद इलास्टिकचं विचारलं,
पेट्रोल पंपापुरतं, दुधापुरतं.
लावून दिलं.

माझ्याकडेही आहे. नवऱ्याचं, बटणांच्या डब्याखाली.
तो गेल्यापासून हात लावला नाही
असं सांगत असते.
मार्चमध्ये धुळीचं वादळ आलं त्या रात्री
मागच्या दारावर कुणी थापा मारत होतं.
वीस मिनिटं मी ते धरून उभी होते, अनवाणी.
दुकानाची पाटी होती ती, एका खिळ्यावर लटकलेली.
सकाळी पाहिलं तर एका नवरीच्या सॅटिनवर
माझा तेलकट अंगठा.
तिथं एक मोती जास्तीचा लावला.
तिला तो आवडला.

गुरुवारी व्हर्लिन प्रुइट आला.
हातात सहा पँटी, सगळ्या मीच सैल केलेल्या.
आत घे, म्हणाला. पूर्वी होतं तसं.
टाचण्या तोंडात होत्या तरी मी विचारलं,
विकलंस?
तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.
कापसाचा एक ट्रक गेला, मग दुसरा.

मुलगा मागून पळत येत होता, तो म्हणाला,
पशुखाद्याच्या दुकानाबाहेर. माझं पाकीट पडलं होतं.
झाडली नाही, ओपल. नुसती काढली.
बारा-तेरा वर्षांचा असेल.
त्यानं पाकीट खाली ठेवलं, हळूच,
आणि दोन्ही हात वर केले, बोटं पसरून.
रडला नाही. ओरडला नाही.
त्याला ते येत होतं.

पेपरात काही आलं नाही. येणार तरी काय.

तीन दिवस मी उसवत बसले.
दोरा निघतो, सुयांची भोकं राहतात.
वाफ दिली, व्हिनेगर लावून इस्त्री केली,
तरी उजेडात धरलं की दिसतात,
एका रेषेत, मुंग्या गेल्यासारखी.

शनिवारी त्यानं एक घालून पाहिली.
कमरेला बसली, घट्ट, कुठे चुणी नाही.
पण आरशात त्याचं उजवं कोपर
अंगापासून थोडं दूरच राहिलं होतं,
मध्ये काहीतरी असल्यासारखं.
त्याच्या लक्षात आलं नाही.

पैसे किती, म्हणाला.
शिवण्याचे सांगितले.
उसवण्याचा दर मी अजून ठरवला नाही.